शेवाळाखालचं पाणी

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन निवडली. तिघांचाही प्रश्न वरवर पाहता एकच आहे: समोरचा माणूस छळतो, आणि धम्म सांगतो करुणा ठेवा, तर ती ठेवायची कशी? मी नागपुरात ३४ वर्षं परिचारिका होते. ताप दोन रोग्यांना असतो, पण एकाला मलेरिया असतो आणि दुसऱ्याला टायफॉइड. म्हणून तिघांना तीन उत्तरं देते आहे.

*

ताई, सप्रेम जय भीम.

मी वर्ध्याची, वय ४७. एसटीत वाहक आहे. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची जीभ म्हणजे विळा आहे. रात्रीची फेरी असली की घरी यायला साडेदहा होतात. त्या ओट्यावर दिवा लावून बसलेल्याच असतात, आणि मी फाटक उघडलं की म्हणतात, ‘आली का गावभर हिंडून?’ शेजारपाजारचे ऐकतात. भाकरी टोपल्यात झाकून ठेवलेली असते, पण ‘गिळा आता’ असं म्हणून पुढे सरकवतात. मुलगी बारावीला आहे. तिच्या क्लासची फी यांनीच पेन्शनमधून भरली, तेव्हाही ‘तुझ्या आईच्यानं काय होणार’ हे ऐकवलंच. गेल्या वर्षापासून तर फारच वाढलं आहे. मिस्टर म्हणतात, म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नको.

दर रविवारी मी विहारात मेत्तसुत्त म्हणते. डोळ्यांत पाणी येतं इतकं मन भरतं. पण ते घरी चप्पल काढेपर्यंतच टिकतं. मागच्या रविवारी विहारातून आले आणि पाच मिनिटांत त्यांच्यासमोर ताट आपटलं. मी ढोंगी आहे का?

— एक वाचक भगिनी, वर्धा

जय भीम. तुम्ही ढोंगी नाही. तुमची विहारातली मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं इच्छिणारी भावना, खोटी नसते. तिथं तिला कुणी डिवचत नाही, एवढंच.

मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात करवतीच्या उपमेचं सुत्त आहे, ककचूपमसुत्त. त्यात श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या एका बाईची गोष्ट बुद्ध सांगतात. गावात तिचा लौकिक असा की बाई फार शांत, फार सौम्य. तिच्या घरी काली नावाची दासी होती, कामाला चोख. कालीच्या मनात आलं, मालकिणीला राग येतच नाही, की माझं काम नीट असतं म्हणून तो दिसत नाही? ती एक दिवस मुद्दाम उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर केला, तेव्हा तोंडून वेडंवाकडं निघालं. पुढं आणखी एकदा ती उशिरा उठली, आणि वेदेहिकेनं दाराचा अडसर उचलून तिचं डोकं फोडलं.

भिक्खूंना बुद्ध सांगतात ते असं, की कानावर कडू शब्द येत नाहीत तोवर कोण सौम्य आहे हे कळतच नाही. तुमचं ताट आपटणं मी या गोष्टीच्या उजेडात वाचलं. तुमच्या घरी काली रोज उशिरा उठते आहे, आणि तुम्ही महिन्यातून एखादं ताट आपटता. वेदेहिकेपेक्षा तुमची बरी प्रगती आहे.

जाता जाता सांगते, ही गोष्ट वाचताना मला वेदेहिकेच्या आधी काली दिसते. डोकं फुटलेल्या बाया मी वॉर्डात खूप पाहिल्या. ‘मोरीत पाय घसरला’ असं सांगायच्या. कालीनं तसं सांगितलं नाही. रक्त वाहत असताना ती शेजाऱ्यांपुढे गेली आणि म्हणाली, बघा या सौम्य बाईचं काम. त्या कालीकडे मला दुसऱ्या पत्रात परत यायचं आहे.

आता सासूबाई. अंगुत्तर निकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त यांचं एक प्रवचन आहे. ज्याच्याविषयी मनात आकस धरला जातो, त्या माणसाकडे पाहायचं कसं, हे ते सांगतात. माणसं सरसकट वाईट असतात असं ते मानत नाहीत. कुणाचं वागणं खराब पण बोलणं चांगलं असतं. कुणाचं बोलणं खराब पण वागणं चांगलं असतं. कुणाचं दोन्ही खराब, पण अधूनमधून मन क्षणभर निवळतं. कुणाचं तेही होत नाही. प्रत्येकासाठी त्यांनी वेगळी उपमा दिली आहे, आणि तुमच्या सासूबाईंसाठीची उपमा तळ्याची आहे. उन्हानं पोळलेला, घशाला कोरड पडलेला वाटसरू तळ्यापाशी येतो. पाणी शेवाळानं पार झाकलेलं असतं. तो दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला सारतो, ओंजळीनं पाणी पितो आणि आपल्या वाटेनं जातो.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पाणी कुठं आहे ते तुम्हीच लिहून पाठवलं आहे, फक्त तुम्ही ते शेवाळाच्या यादीत घातलं आहे. ओट्यावरचा दिवा, झाकलेली भाकरी, पेन्शनमधली फी. ८१ वर्षांची बाई रात्री साडेदहापर्यंत डास मारत बाहेर बसते, ती एक टोमणा मारायला मिळावा म्हणून बसते, हे मला पटत नाही. तुम्ही फाटकातून आत येईपर्यंत तिला झोप लागत नसणार. ‘सुखरूप आलीस ना’ हे शब्द तिला कुणी शिकवले नसतील, कदाचित तिलाही कुणी ते म्हटलं नसेल. मी त्यांच्या मनात शिरलेली नाही, पण हात काय करतात ते पाहूनच सारिपुत्त बोलतात, आणि या बाईंचे हात चांगले आहेत.

त्या वाटसरूनं तळं साफ करायला घेतलं नाही, हेही लक्षात घ्या. ८१ व्या वर्षी त्यांची जीभ बदलायची नाही. ते तुमचं काम नाही आणि तुमच्यानं होणारही नाही. तुम्ही शेवाळ सारायचं म्हणजे एवढंच करायचं: फाटकाला हात लावायच्या आधी एक श्वास पूर्ण घ्या आणि पहिलं वाक्य तुम्ही बोला. ‘आई, अजून जाग्याच? जेवलात का?’ टोमणा येईल तेव्हा येईल. पण तो तुमच्या वाक्यानंतर येईल, आणि तुम्ही दिव्याकडे बघत आत जाल. आठ दिवस करून बघा. नवव्या दिवशी ताट आपटलं तर उचलून घासा आणि दहाव्या दिवशी पुन्हा सुरू करा.

यापुढचं परिचारिका म्हणून सांगते. ‘गेल्या वर्षापासून फारच वाढलं आहे’ हे वाक्य मला टोचलं. म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव एकाएकी कडवट झाला तर तो स्वभाव नसूही शकतो. लघवीच्या जंतुसंसर्गानं वृद्ध माणसं चिडचिडी होतात, बरळतातसुद्धा. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, कमी ऐकू येणं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांतलं काहीही असू शकतं. त्यांना डॉक्टरांकडे न्या, रक्त-लघवी तपासून घ्या, कान तपासा. करुणेचं तुमच्या घरातलं पहिलं काम बहुधा हेच असेल.

आणि डॉक्टरांकडे त्यांना मिस्टरांनी न्यावं. अख्ख्या पत्रात त्यांना एकच वाक्य आहे, आणि तेही तुम्हाला केलेला उपदेश. आई त्यांची आहे. मेत्तसुत्त तुम्हाला पाठ आहे, त्याची सुरुवात आठवा: ‘सक्को उजू च सुहुजू च’. मैत्री फार नंतर येते, आधी ‘सक्को’ येतं, म्हणजे समर्थ. दिवसभर बसमध्ये उभं राहून, धक्के खात तिकिटं फाडून आलेल्या, झोप अपुरी असलेल्या बाईजवळ सामर्थ्य कुठून येणार? आठवड्यातला एक दिवस सासूबाईंची आंघोळ, औषधं, जेवण सगळं मिस्टरांकडे द्या. त्या दिवशी तुम्ही झोपा.

*

आदरणीय ताई, जय भीम.

वय २९, पुण्यात एका कार्यालयात नोकरी करतो. माझे वरिष्ठ बैठकीत, सगळ्यांसमोर, ‘तुमचं काय बुवा, तुम्हाला सगळं आयतं मिळतं’ असं म्हणतात. एकदा नव्या माणसाशी ओळख करून देताना माझं आडनाव दोनदा उच्चारून हसले. बाकीचे खाली मान घालतात. मी रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतो आणि मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत असतो.

विहारातल्या एका काकांना सांगितलं तर ते म्हणाले, मैत्रीभावना कर, पुण्ण थेरांची गोष्ट वाच. मी वाचली आणि जास्तच संताप आला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला मारलं, त्यांच्यावर करुणा आम्हीच का करायची? करुणा म्हणजे गप्प बसायचं शिक्षण आहे का?

— एक वाचक, पुणे

तुला ‘तू’च म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

आधी पुण्णांची गोष्ट, कारण ती आपल्याच मातीतली आहे आणि तिच्यावर तुझा राग राहू नये. बुद्धांचे शिष्य पुण्ण जिथं जायला निघाले, ते सुनापरांत म्हणजे सोपाऱ्याच्या आजूबाजूचा आपला कोकणकिनारा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुण्ण मूळचे सोपाऱ्याचेच व्यापारी, असं अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, सांगते. आजच्या नालासोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं टेकाड आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, आणि आत स्तूप निघाला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. सहा वर्षांपूर्वी मी तिथं गेले होते. विटांच्या त्या चौथऱ्याशी बसून मी पुण्णांचा संवाद वाचला.

पुण्ण म्हणतात, मी सुनापरांतात जातो. बुद्ध म्हणतात, तिथले लोक रागीट आहेत, कठोर आहेत. शिव्या देतील, तेव्हा काय वाटेल? पुण्ण म्हणतात, वाटेल की भले लोक आहेत, हातानं मारत नाहीत. हातानं मारलं तर? ढेकळं मारत नाहीत. ढेकळं मारली तर? काठी मारत नाहीत. असं करत करत प्रश्न शस्त्रापर्यंत जातो, जिवापर्यंत जातो, आणि पुण्ण डगमगत नाहीत. मग बुद्ध म्हणतात, तू तिथं राहू शकशील.

आता बघ, पुण्णांना तिथं कुणी पाठवलेलं नाही. त्यांनी स्वतःहून ठरवलं. ‘शिव्या खाशील ना?’ असा हुकूम बुद्धांनी दिला नाही. तुझी तयारी किती, एवढंच विचारलं. पुण्ण भिक्खू होते. त्यांना घरभाडं नव्हतं, वरिष्ठ नव्हता, आणि ते शिकवायला निघाले होते. ही गोष्ट ज्यानं त्यानं स्वतःला सांगायची असते. मार खाणाऱ्याला ती दुसऱ्यानं ऐकवायची नसते. काकांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, याबद्दल मला शंका नाही, पण तुझा संताप मला बरोबर वाटतो.

आणि बुद्ध स्वतः गप्प बसत होते का? संयुत्त निकायात अक्कोसक भारद्वाजाची गोष्ट आहे. त्याच्या गोत्रातल्या एकानं बुद्धांकडे प्रव्रज्या घेतली म्हणून हा चिडून आला आणि तोंडाला येईल ते बोलला. बुद्धांनी त्याला विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात का? येतात. त्यांना जेवण वाढतोस का? कधीकधी वाढतो. त्यांनी ते घेतलं नाही तर कुणाचं राहतं? माझंच. बुद्ध म्हणाले, तू दिलेल्या शिव्या आम्ही घेत नाही, त्या तुझ्याच. लोक याचा अर्थ ‘दुर्लक्ष करा’ असा लावतात. पण बुद्धांनी दुर्लक्ष केलेलं नाही. शिव्या देणाऱ्याच्या तोंडावर, सरळ शब्दांत, त्यांनी ‘घेत नाही’ असं सांगितलं आहे. हे सांगताना त्यांच्या मनात विष नव्हतं, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला त्याच्या २९ वर्षं आधी महाडला काय केलं ते आठव. २० मार्च १९२७, चवदार तळं. लोक पाणी पिऊन परतले आणि त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. आपली माणसंही हजारोंनी होती, चवताळलेली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं, उलट हात उचलू दिला नाही. पण त्यांनी तक्रार केली. खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांतल्या काहींना शिक्षा झाली. तळ्याच्या हक्काचा दावा त्यानंतर १० वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. याला कुणी गप्प बसणं म्हणेल का?

माझं सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या एक मॅट्रन होत्या. पाळी बदलताना आम्ही ओव्हर देत, म्हणजे पुढच्या पाळीला रोग्यांची माहिती सांगत असायचो, सगळ्या ज्युनिअर मुली उभ्या असायच्या, आणि त्या माझी फाइल बघत म्हणायच्या, ‘सरकारचे जावई आले का?’ ड्रेसिंगची घाण कामं माझ्याकडे, दिवाळीची रात्रपाळी माझ्याकडे. दोन वर्षं मी ऐकून घेतलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तिले तोंडावर सांग पोरी, पण मनात कुजवू नको.’ माझी आई १४ ऑक्टोबर १९५६ला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर उभी होती, तेव्हा ती १५ वर्षांची होती. शाळा तिनं पाहिली नाही, पण या एका वाक्यात तिनं मला दोन वेगवेगळी कामं सांगितली होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पहिलं काम मी पुढच्या आठवड्यात केलं. आवाज थरथरत होता, पण म्हटलं, ‘मॅडम, ही भाषा मी घेणार नाही. कामात चूक असेल तर ती सांगा.’ मग तीन पानी तक्रार लिहिली, तारखा घालून. चौकशीतून फार काही निघालं नाही. पण ओव्हरच्या वेळचं ते वाक्य बंद झालं.

तूही हे कर. एक वही ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, ते त्याच दिवशी लिही. बैठकीत एकदा, आवाज न चढवता, सर्वांसमोर सांग: ‘सर, कामाबद्दल बोला, बाकीचं मी ऐकणार नाही.’ मग लेखी तक्रार. जातीवरून चारचौघांत केलेल्या अपमानासाठी १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तुझ्या प्रसंगाला तो कुठं आणि कसा लागू होतो, हे वही घेऊन वकिलाला विचार. मान खाली घालणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकाला बाजूला घेऊन विचार, साक्ष देशील का. मी मघाशी म्हटलं ना, कालीकडे परत येईन. ती फुटलेलं डोकं घेऊन शेजाऱ्यांपुढे गेली. तिनं वेदेहिकेवर अडसर उगारला नाही, आणि जखम लपवलीही नाही.

आईनं सांगितलेलं दुसरं काम, मनात कुजू न देणं, मला जमलं नाही. बाईंची बदली झाली तरी मी रात्री अंथरुणावर त्यांच्याशी भांडत असे, तू भांडतोस तशीच. धम्मपदातली गाथा आपण सगळे म्हणतो: ‘अक्कोच्छि मं अवधि मं अजिनि मं अहासि मे’. मला शिवी दिली, मला मारलं, मला हरवलं, माझं लुबाडलं. असं जे घोळवत बसतात त्यांचं वैर शमत नाही. मी ती गाथा म्हणायचे आणि घोळवायचेही. मग एका संध्याकाळी धाकट्याच्या हातून दूध सांडलं, आणि मी त्याच्या गालावर चार बोटं उमटवली. तो चार वर्षांचा होता. तो रडला नाही, माझ्याकडे नुसता बघत राहिला. ती चापट दुधासाठी नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं. मॅट्रन बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या होत्या, आणि त्यांना आत मीच आणलं होतं.

‘आम्हीच का?’ या तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ न्यायाचं उत्तर नाही. न्यायानं पाहिलं तर हे ओझं तुझ्यावर यायलाच नको होतं. मी करुणा शिकायला निघाले ती माझ्या पोराच्या गालासाठी. बाईंना तिचा उपयोग झाला की नाही, मला माहीत नाही. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या ग्रंथात लिहिलं आहे, दुसऱ्यावर फेकायला निखारा उचलणाऱ्याचा हात आधी भाजतो. मला ती उपमा वाचून कळली नव्हती, त्या गालावरची बोटं पाहून कळली.

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. दहाव्या दिवशी मौन सुटायच्या आधी मंगलमैत्री शिकवतात. सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना मॅट्रन बाईंचा चेहरा आला आणि माझे दात आवळले गेले. मैत्री तिथंच अडली. पुढं बरेच महिने तेवढंच होत राहिलं. चेहरा आला की मी दातांकडे लक्ष द्यायचे, जबडा सैल सोडायचे, कानशिलांची गरमी बघायचे. त्याहून जास्त काही करता येत नव्हतं, आणि जबरदस्ती मी केली नाही.

मग एकदा लहान मुलांच्या वॉर्डात जुलाबानं सुकलेलं दोन महिन्यांचं बाळ आलं. शीर कुणालाच सापडेना. मला सापडली, डोक्यावरची. सलाइन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की बाळाचं डोकं डाव्या तळव्यात धरून अंगठ्यानं शीर चाचपायची ही पद्धत मी मॅट्रन बाईंचे हात बघून शिकले होते. त्यांच्या हाताला शीर हमखास सापडायची. आम्ही थकलो की त्या यायच्या, बाळाशी बोलायच्या, दुसऱ्या कुणाशीही बोलायच्या नाहीत तशा, आणि एका टोचणीत सुई आत. किती पोरं वाचली असतील त्या हातांनी. हे मला आधीही माहीत होतं, पण मी ते पाहायला तयार नव्हते. त्या रात्री बाईंचा चेहरा आला तेव्हा हातांसकट आला, आणि दात आवळले नाहीत.

मी त्यांना माफ केलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी माफी कधी मागितली नाही. तक्रारीचा एक शब्दही मी मागे घेतला नाही, आजही घेणार नाही. पण झोप परत आली.

तुझे वरिष्ठ कशात चांगले आहेत, मला माहीत नाही. कदाचित कशातच नसतील. तशा माणसासाठीही सारिपुत्तांनी उपमा ठेवली आहे: मागचं गाव दूर, पुढचं गाव दूर, आणि मधल्या रस्त्यावर एकटा पडलेला आजारी माणूस. त्याच्याजवळ काहीच घेण्यासारखं नसतं, म्हणून त्याच्याविषयी फक्त कळवळा वाटतो. पण हे आज करू नकोस. आज वही घे. रात्री दोन वाजता उत्तरं सुरू झाली की उठून ती वहीत उतरव, दिवा मालव, आणि श्वास नाकाशी कुठं लागतो ते बघत पड.

*

ताई, वय ७०, यवतमाळ जिल्हा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थोरल्या भावाशी १९ वर्षं वाद आहे, केस चालू आहे, बोलणं बंद आहे. तो ७४चा आहे. सकाळी मैत्रीभावनेला बसलो की पहिला तोच डोळ्यांपुढे येतो आणि अंगाची आग होते. त्याच्यावर मन घट्ट करून मैत्री करावी, की सोडून द्यावं? वेळ थोडा उरला आहे, म्हणून विचारतो.

— एक शेतकरी वाचक

भाऊ, सोडू नका, पण तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून करता आहात. विसुद्धिमग्ग या बाबतीत अगदी व्यवहारी आहे. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या ग्रंथावर घालवली, ती उगाच नाही. त्यात स्पष्ट सांगितलं आहे की वैऱ्यापासून सुरुवात करायची नाही. आधी स्वतः: मी सुखी होवो. मग ज्यांच्याबद्दल आदर आहे, असे तुमचे एखादे गुरुजी. मग जिवलग. मग ज्याच्याशी देणं ना घेणं असा कुणी, समजा कृषी केंद्रातला पोरगा. मन तिथं मऊ झालं की मगच भाऊ. आग झाली की मागे फिरा, गुरुजींपाशी या, पुन्हा निघा. मागे फिरणं म्हणजे हरणं नव्हे. तीच पद्धत आहे.

आणि वेळ थोडा आहे हे तुम्ही खरं बोललात. त्याच ग्रंथात एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्या आचार्यांना मैत्री पाठवत बसला होता आणि काही केल्या मन लागेना. नंतर कळलं की आचार्य आधीच वारले होते. मैत्रीभावना जिवंत माणसावरच करायची असते.

सगळे उपाय थकले तर बुद्धघोष शेवटचा उपाय सांगतात तो मला फार आवडतो: त्याला काहीतरी द्या. एका भिक्खूला एका वरिष्ठ थेरानं राहत्या जागेवरून तीनदा उठवलं होतं. त्यानं त्याच थेराला आपलं भिक्षापात्र दिलं. म्हणाला, आठ कार्षापण किमतीचं आहे, माझ्या उपासिका आईनं दिलेलं आहे, तुम्ही घ्या, तिला पुण्य लागू द्या. त्यानं आईचं नाव पुढे केलं, हे वाचताना मी दरवेळी थांबते. तुमची आणि तुमच्या भावाची आई एकच आहे.

हा अंक हातात पडेल तेव्हा हुरड्याचे दिवस असतील. पहिल्या भाजणीचा हुरडा एका फडक्यात बांधा, नातवाच्या हाती भावाकडे पाठवा. चिठ्ठी नको. नातवानं एवढंच म्हणावं, ‘आजोबांनी आजीच्या नावानं पाठवलाय.’ परत आला तर घरी खा, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. केस चालू राहू द्या, त्याचा याच्याशी संबंध नाही. तारखेला कोर्टात तो बाकावर दिसला तर तुमच्या बाटलीतलं पाणी विचारा.